फेच दिसला म्हणजे मरण येतं का? किलकेनीहून आलेल्या एका प्रश्नाचं उत्तर

आधी एक काम करा. साताऱ्याला फोन लावा. बाबांशी बोलून झालं की मग पुढचं वाचा.

तुम्ही लिहिलंय ते मी माझ्या शब्दांत पुन्हा मांडते, म्हणजे माझं काही चुकत असेल तर कळेल. दोन वर्षांपासून तुम्ही आयर्लंडमध्ये किलकेनीला नर्स आहात आणि एका वयस्कर विधवा बाईंच्या घरी खोली घेऊन राहता. त्यांनी एका रात्री चहा पिताना सांगितलं की यजमान जायच्या तीन दिवस आधी ते त्यांना गोठ्याच्या दारात उभे दिसले, आणि यजमान तर तेव्हा आत झोपलेले होते. "तो त्यांचा फेच होता," म्हणजे जिवंत माणसाचं दुसरीकडेच दिसणारं रूप, असं त्या म्हणाल्या. सकाळी दिसला तर आयुष्य वाढतं, संध्याकाळी दिसला तर माणूस जातो, असंही त्यांनी सांगितलं. त्यानंतर पंधरा दिवसांनी, डिसेंबरातल्या एका संध्याकाळी रात्रपाळीला निघताना, रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावर तुम्हाला तुमचे बाबा दिसले. तीच टोपी, तेच किंचित डावीकडे झुकून उभं राहणं. बस आली, गेली, तिथे कुणी नव्हतं. तेव्हापासून झोप लागत नाही आणि घरी फोन करायचा धीर होत नाही. तुम्ही विचारलंय की फेच म्हणजे नेमकं काय, बॅन्शी ती हीच का, आपल्याकडच्या चकव्यासारखं काही आहे का, आणि यात खरं किती.

या चारही प्रश्नांची उत्तरं देते. पण मला तुमचा खरा प्रश्न पाचवा वाटतो, तो तुम्ही जाता जाता लिहून टाकलाय: फोन करायचा धीर होत नाही.

मी लोककथा गोळा करायच्या कामात पंचवीसेक वर्षं आहे. आधी रत्नागिरी-सिंधुदुर्गातली गावं, मग डब्लिनचा लोकसाहित्य संग्रह आणि आयर्लंडच्या पश्चिमेकडची स्वयंपाकघरं. मरणाच्या सूचनांच्या गोष्टी मी दोन्हीकडे भरपूर ऐकल्या आहेत. त्या सांगणारी माणसं खोटं बोलत नाहीत, हे मी पहिल्या दोन-तीन वर्षांतच शिकले. ती काय पाहतात आणि पाहिलेल्याची गोष्ट कधी होते, या दोन बाबी मात्र वेगळ्या ठेवाव्या लागतात.

फेच आणि भूत यांत फरक आहे. भूत मेलेल्या माणसाचं असतं, फेच जिवंत माणसाचा. तोच चेहरा, तेच कपडे, तीच चाल, फक्त माणूस त्या घटकेला दुसरीकडे असतो. गोष्टीचा साचा साधारण असा: एक शेतकरी तिन्हीसांजेला घरी परततोय. समोरून शेजारी बांधाबांधानं येताना दिसतो. हा नाव घेऊन हाक मारतो. तो मान वळवत नाही, बोलत नाही, फाटकापाशी वळतो आणि पुढे दिसत नाही. हा घरी येऊन तणतणतो की अमक्यानं आज साधी ओळख दिली नाही. घरचे म्हणतात, अहो, तो तर चार दिवस अंथरुणाला खिळलाय. आणि आठवडा सरायच्या आत तो गेल्याची बातमी येते.

या गोष्टीत साखळदंड नाहीत, किंकाळी नाही, पांढरं वस्त्र नाही. अंगावर काटा येतो तो न मिळालेल्या ओळखीमुळे. तुम्ही तिथल्या आडरस्त्यांवरून गाडीतून गेला असाल तर पाहिलं असेल: समोरून येणारा अनोळखी माणूससुद्धा स्टिअरिंगवरून एक बोट उचलून ओळख देतो. जिथे परक्यालाही बोट उचललं जातं, तिथे शेजारी न बघता निघून गेला याचा अर्थ एवढाच उरतो की तो आता इथला राहिलेला नाही.

बॅन्शी ती ही नव्हे. तिच्या नावातल्या 'बॅन'चा अर्थ बाई, आणि 'शी' म्हणजे तिथल्या अद्भुत लोकांची मातीची टेकाडं. ती दिसते कमी, ऐकू येते जास्त. तिचं नातं घराण्याशी असतं, बहुतेक वेळा 'ओ' आणि 'मॅक' लावणाऱ्या जुन्या गेलिक घराण्यांशी, आणि त्या घराण्यातलं कुणी जाणार असलं की ती रडते. फेच रडत नाही आणि त्याला घराण्याचं काही पडलेलं नसतं. तो एकाच माणसाचा असतो. चकव्याचा आयरिश भाऊ मात्र आहे, पण तो फेच नव्हे. रानात एक विशिष्ट ढेकूळ असतं, त्यावर पाय पडला की माणूस स्वतःच्याच शेतात रात्रभर फिरत राहतो आणि फाटक सापडत नाही. उपाय म्हणून कोट उलटा करून घालतात. हे मी कोकणात सांगितलं तेव्हा म्हातारी माणसं माना डोलवत म्हणाली, बरोबर आहे, चकवाच तो.

शब्दाबद्दल थोडं. इंग्रजीतलं 'फेच' हे 'आणणे' या अर्थाचं क्रियापद तुम्ही रोज वापरता, त्यामुळे फेच म्हणजे 'न्यायला आलेला' असं मनात येतंच. त्या अर्थावर भिस्त ठेवू नका, कारण या शब्दाचं मूळ अजून पक्कं ठरलेलं नाही. १७८७ साली फ्रान्सिस ग्रोस यांनी प्रांतोप्रांतीच्या इंग्रजी शब्दांचा कोश छापला, त्यात हा शब्द आहे आणि अर्थ दिलाय 'जिवंत माणसाचं दिसणारं रूप'. गंमत म्हणजे त्यांनी तो उत्तर इंग्लंडचा म्हणून नोंदवलाय. काहीजण त्याचा संबंध जुन्या स्कँडिनेव्हियातल्या नॉर्स लोकांच्या 'फिल्ग्या'शी जोडतात. फिल्ग्या म्हणजे माणसाच्या पाठीशी चालणारी, मरणाआधी दिसणारी सोबतीण. डब्लिन, वॉटरफर्ड, वेक्सफर्ड ही शहरं व्हायकिंगांनी वसवलेली, म्हणून हा धागा मोहात पाडतो. पण मधल्या शतकांचा पुरावा नसल्यामुळे मी त्यावर भार टाकत नाही.

आता तो सकाळ-संध्याकाळचा नियम, कारण तुमची झोप त्यानंच उडवली आहे. हा नियम छापून प्रसिद्ध केला तो तुमच्याच गावच्या माणसानं. जॉन बॅनिम १७९८ साली किलकेनीत जन्मले. भाऊ मायकेल यांच्याबरोबर त्यांनी 'ओहारा कुटुंबाच्या कथा' या नावानं १८२५ मध्ये गोष्टी प्रसिद्ध केल्या, त्यातली एक फेचवरच आहे. त्यांनी तिच्यात सरळ लिहून ठेवलं की फेच सकाळी दिसला तर दीर्घायुष्य, संध्याकाळी दिसला तर लगेच मरण. नंतर लिहिणाऱ्यांनी तेच पुढे चालवलं आणि आज जिथे तिथे तेच वाचायला मिळतं.

मी ऐकलेल्या गोष्टींत हा नियम इतका घट्ट नाही. सांगणाऱ्याला तुम्ही विचारलंत, "किती वाजले होते?" तर तो थांबतो, आठवतो आणि बहुतेक वेळा शेवटाला जुळेल अशी वेळ सांगतो. शेजारी इंग्लंडात तर नियम साफ मोडतो. जॉन ऑब्री यांनी १६९६ च्या त्यांच्या संग्रहात लेडी डायना रिच यांची हकिकत दिली आहे. केन्सिंग्टनच्या बागेत, सकाळी अकराच्या सुमाराला, ठणठणीत असताना त्यांना समोर आपलंच रूप दिसलं, आरशात दिसावं तसं, कपड्यांसकट. महिन्याभरात त्या देवीच्या आजारानं गेल्या. सकाळच होती ती.

शिवाय किलकेनीचा डिसेंबर बघा. सव्वाचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. रात्रपाळी करणाऱ्या माणसाची जागेपणीची जवळजवळ सगळी वेळ संध्याकाळच असते. रस्ता ओला, दिव्यांचा पिवळा उजेड, सगळ्यांच्या अंगावर गडद कोट, डोक्यावर लोकरी टोप्या. तुमच्या डोळ्यांना बाबांच्या खांद्यांची ठेवण जन्मापासून पाठ आहे. तेवढी ठेवण कुठे सापडली की उरलेला माणूस मन भरून काढतं. हे कुणाच्याही बाबतीत घडतं, आणि घरापासून लांब राहणाऱ्याच्या बाबतीत फार घडतं.

माझ्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आता सांगते. पॅट्रिक केनेडी हे वेक्सफर्डचे, डब्लिनच्या अँग्लसी स्ट्रीटवर त्यांचं पुस्तकांचं दुकान होतं. १८६६ साली त्यांनी आयरिश दंतकथांचा जो संग्रह काढला, त्यात एका डॉक्टरच्या फेचची हकिकत आहे. एका शहरातला, बऱ्यापैकी नाव असलेला डॉक्टर. रात्र. खोलीत चांदणं आलंय, सतरंजीवर आणि खिडकीजवळच्या टेबलावर पडलंय. बायकोला जाग येते. टेबलापाशी नवरा उभा आहे, उघड्या पुस्तकात बघत. आणि नवरा तिच्या शेजारी झोपलाय. ती हलत नाही, कारण तिला वाटतं हा जागा झाला तर घाबरेल. त्याच्याकडे बघते, डोळे मिटलेले. पुन्हा खिडकीकडे बघते, तिथे कुणी नाही. उरलेली रात्र ती जागी काढते.

सकाळी न्याहारीला तो विचारतो, तुझा चेहरा असा का? ती काहीतरी सांगून वेळ मारून नेते. तो रोजच्यासारखा रोगी बघायला बाहेर पडतो. रस्त्यात ओळखीचा दुसरा डॉक्टर भेटतो, त्याला हा विचारतो, फेचबद्दल तुमचं काय मत? तो म्हणतो, बिघडलेल्या पोटाचा आणि तापलेल्या डोक्याचा खेळ. तेव्हा हा सांगतो: मग माझंही तसंच झालं असेल, कारण काल रात्री चांदण्यात टेबलापाशी मी स्वतःला उभा पाहिला. माझ्या बायकोनंही पाहिलं असावं अशी मला भीती आहे, पण तिच्याशी बोलायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या रात्री साधारण त्याच वेळी तो गुदमरत उठतो आणि त्या डॉक्टरला बोलवायला सांगतो. ती धावत जाऊन आणते. फुप्फुसातली मोठी रक्तवाहिनी फुटलेली असते. काही करता येत नाही.

ही गोष्ट मी कितीतरी वेळा वाचली आहे, आणि दर वेळी चांदण्यातल्या त्या आकृतीपेक्षा न्याहारीचं टेबल जास्त लक्षात राहतं. दोघांनी एकच गोष्ट पाहिली. दोघांनी एकमेकांना जपण्यासाठी ती लपवली. एक अख्खा दिवस त्यांना मिळाला होता, आणि नवरा ते घराबाहेरच्या माणसाशी रस्त्यात उभं राहून बोलला.

हे एकदा ध्यानात आलं की बाकीच्या गोष्टींतही दिसायला लागतं. नाटककार जॉन मिलिंग्टन सिंग यांनी आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या आरन बेटांवर ऐकलेली एक हकिकत १९०७ मध्ये छापली. बेटावर घोडे धक्क्याकडे उतरवत होते, तेव्हा एका म्हातारीला आपला बुडून गेलेला मुलगा त्यातल्या एका घोड्यावर बसलेला दिसला. पाहिलं ते ती बोलली नाही. एका तरुणानं आधी आपला घोडा धरला, मग मुलगा दिसलेला तो घोडाही धरला, त्यानंतर तो समुद्रावर गेला आणि बुडाला. ती आकृती मेलेल्याची होती, म्हणजे काटेकोरपणे हा फेच नव्हे. पण सांगणारा माणूस न विसरता सांगतो की ती बोलली नाही. सगळ्या गोष्टीचं वजन त्या वाक्यावर आहे.

माझं मत असं झालंय की फेचच्या गोष्टी मरणाआधी कुणी सांगतच नाही. त्या नंतर सांगितल्या जातात, आणि त्यांच्या गाभ्याशी एक न बोललेलं वाक्य असतं. पाहणं आधी झालेलं असतं, 'फेच' हे नाव त्याला नंतर मिळतं. शेजारी बांधावर दिसला आणि पुढे वीस वर्षं जगला, तर त्याची गोष्ट होत नाही, तो नुसता नजरेचा घोटाळा ठरतो आणि दोन दिवसांत विसरला जातो. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडच्या सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतल्या मुलांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून गोष्टी ऐकून वह्यांत उतरवल्या. तो सगळा साठा आता डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जपलेला आहे. त्यात अशा गोष्टी सापडतात, पण मी वाचलेल्या प्रत्येकीच्या शेवटी कुणीतरी गेलेलं असतं. दिसले आणि जगले अशांची वही कुणी भरली नाही. म्हणून त्या साठ्यावरून 'दिसलं की माणूस जातो' असं गणित मांडता येत नाही.

'खरं असतं का' याचं उत्तर त्यामुळे तुम्ही काय विचारताय त्यावर अवलंबून आहे. माणसांना दिसतं, हे खरं. जिवंत माणसांची रूपं दिसल्याच्या शेकडो हकिकती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, अशा अनुभवांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या एका संस्थेनं छापल्या. १८८२ मध्ये ती संस्था काढण्यात ज्यांचा पुढाकार होता ते विल्यम बॅरेट डब्लिनमध्ये भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. पण दिसण्यानं मरण ठरतं, याला मला इतक्या वर्षांत एकही आधार मिळालेला नाही.

मेंदूबाजूनं बोलायचं तर २००६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी एका फिटच्या रुग्ण तरुणीच्या मेंदूला, डाव्या कानशिलाच्या वर मागच्या बाजूला, सौम्य विजेचा स्पर्श दिला, तेव्हा तिला आपल्या मागे कुणीतरी आहे आणि ते आपल्यासारखीच हालचाल करतंय असं जाणवलं. पण तुमच्यासारखं दुसऱ्याचं रूप दिसणं यानं समजत नाही, म्हणून मी यावर फार रेंगाळत नाही. एवढं मात्र तुम्हालाही माहीत आहे: असं वारंवार दिसायला लागलं, स्वतःचंच रूप दिसलं, किंवा सोबत डोकेदुखी, भोवळ असलं काही असेल, तर आपल्या डॉक्टरकडे जायचं. सलग रात्रपाळ्या आणि न झालेली झोप हेही त्यांना सांगायचं.

आपल्याकडे काय आहे, तेही तुम्ही विचारलंय. आपल्याकडे बरंचसं उलटं आहे. चरकसंहितेतलं इंद्रियस्थान, बाराच्या बारा अध्याय, मरणाची लक्षणं ओळखण्यावर आहे. त्यात म्हटलंय की रोग्याच्या डोळ्यांत जी इवलीशी प्रतिमा दिसते, जिला तिथे 'कुमारिका' म्हटलंय, ती नाहीशी झाली तर वैद्यानं उपचार हाती घेऊ नयेत. मराठीत आपण तिलाच बाहुली म्हणतो. म्हणजे आयर्लंडमध्ये माणसाची दुसरी प्रत दिसली की भीती, आपल्याकडे ती दिसेनाशी झाली की भीती. तुम्ही प्रत्येक पाळीला रोग्याच्या पापण्या वर करून छोट्या टॉर्चनं बाहुल्या बघता. त्या शब्दामागे हे इतकं जुनं काही आहे, हे मला फार हलवून जातं.

आता फोनबद्दल. ही माझी स्वतःची गोष्ट आहे आणि ती मी फारशी कुणाला सांगत नाही. डब्लिनला येऊन मला दुसरं वर्ष होतं. एका संध्याकाळी मूर स्ट्रीटवरच्या भाजीवाल्यांच्या गर्दीत मला आई दिसली. पाठमोरी, खांद्यावरून पदर घेतलेली, पिशवी उजव्या हातात. आई रत्नागिरीला होती. मी तेव्हा दिवसभर याच गोष्टी वाचत होते, त्यामुळे पहिला शब्द मनात आला तो हाच. त्यानंतर चार दिवस मी फोन केला नाही. फोन केला आणि काही ऐकायला लागलं तर, या भीतीनं. आणि त्या चार दिवसांत, मी फोन केला नाही म्हणून, तिकडे आईच्या जिवाला घोर लागला होता. पाचव्या दिवशी तिनंच शेजारच्यांकडून फोन लावला. मी रडत रडत सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "कुठलं लुगडं नेसले होते गं?" मी म्हटलं, हिरवं. ती म्हणाली, ते तर मी मागच्या वर्षीच बोहारणीला दिलं. त्यानंतर आई अकरा वर्षं जगली. तुमच्या बाबांनाही तसंच आयुष्य मिळेल असं वचन मी देऊ शकत नाही, कुणीच देऊ शकत नाही. पण बसथांब्यावरचा तो माणूस त्यांच्या आयुष्यात एका दिवसाचीही भर घालत नाही किंवा घटही करत नाही. तुम्ही न केलेला फोन मात्र त्यांच्यापर्यंत पोचलेला असणार. त्यांना सांगा काय दिसलं ते, टोपीसकट. बीपीची गोळी वेळेवर घेतात का, तेही विचारून घ्या, नाहीतरी तुम्ही ते विचारणारच.

राहता राहिल्या तुमच्या घरमालकीणबाई. त्यांच्याशी या विषयावर वाद घालू नका, आणि मी वर लिहिलेलं गणित त्यांना समजावायला जाऊ नका. वेल्समधल्या एका डॉक्टरांनी जोडीदार गेलेल्या जवळजवळ तीनशे लोकांशी बोलून पाहिलं आणि १९७१ मध्ये ते छापलं. त्यातल्या निम्म्याच्या आसपास लोकांना गेलेल्या माणसाचा काही ना काही अनुभव आला होता, बऱ्याच जणांना तो जवळ असल्याचं जाणवलं होतं, काहींना तो दिसला होता, आणि बहुतेकांनी ते तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. तुमच्या बाईंनी पाहिलं ते मरणाआधी, त्यामुळे त्यांची गोष्ट त्याहून वेगळी. पण ती त्यांनी तुम्हाला सांगितली, दूरदेशाहून आलेल्या भाडेकरू मुलीला, हे लहान नाही. स्वतःच्या लेकरांना सांगितली असेलच असं नाही.

पुढच्या वेळी चहाला बसाल तेव्हा त्यांना सांगा की तुम्हालाही बाबा दिसले आणि तुम्ही फोन केलात. मग विचारा, गोठ्याच्या दारात ते कसे उभे होते, अंगावर काय होतं, दाराला हात टेकला होता का. आणि त्या सांगू लागल्या, तर शेवटी हेही विचारा: पुढच्या तीन दिवसांत तुम्ही त्यांना सांगितलंत का? उत्तराची घाई करू नका. मी हा प्रश्न ज्या ज्या बाईला विचारलाय, ती प्रत्येक वेळी आधी उठून किटली पुन्हा चुलीवर ठेवते.